बंदुकीच्या दारूचा वेग: डब्यावरचे नाव पुरेसे का नसते

कोकणात भात पोटरीला आले की रानडुकरांचा आणि बागायतीत वानर-माकडांचा उपद्रव वाढतो, आणि त्याबरोबर शेतसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्या बंदुकांची चर्चाही पुन्हा सुरू होते. निवडणूक जाहीर होऊन बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघाले की ती चर्चा वर्तमानपत्रांतही येते. अलीकडे या चर्चेत एक नवा प्रश्न ऐकू येतो. परदेशातील हौशी नेमबाज फौजेची शिल्लक दारू स्वस्तात विकत घेऊन घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसे भरताना मोबाइलवर दिसतात. मग काडतुसे इतकी महाग झालेली असताना आपल्या शेतकऱ्याने ते का करू नये? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग कायद्याचा आहे आणि तो शेवटी येईल. परंतु कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी जो भाग उरतो, तो दारू जळते कशी याच्याशी निगडित आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

मला तो ठाऊक होण्याचे कारण आमच्या घरातच घडले. मी दहा वर्षांचा असताना आमच्या पडवीत घोंगडीवर ठेवलेली काकांची ठासणीची बंदूक मी जवळून पाहिली होती. दस्त्यापासून वीतभर अंतरावर तिची नळी उकलली होती आणि लोखंडाचा एक पट्टा केळफुलाच्या पाकळीसारखा बाहेर वळला होता. वर्षानुवर्षे तेल पिऊन काळी पडलेल्या त्या नळीची फाटलेली कड मात्र आतून करडी आणि साखरेसारखी दाणेदार, चकचकीत दिसत होती. काकांना कोणीतरी डबाभर ‘फौजेची दारू’ आणून दिली होती. ‘‘दारू ती दारूच,’’ असे म्हणत त्यांनी नेहमीच्याच शिंगाच्या मापाने ती मोजली, गजाने ठासली, केप बसवली आणि बार काढला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे त्या दिवशी गेली. माप नेहमीचे होते, बंदूक नेहमीची होती, हातही सरावाचा होता. बदलली होती ती केवळ दारू.

दारू ती दारूच नव्हे का?

‘दारू’ या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळे पदार्थ मोडतो. पहिली काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा येथील तोफांत भरले जात असे, आणि ठासणीची बंदूकही याच दारूसाठी घडवलेली असते. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरतो. पांढरा दाट धूर आणि नळीत साचणारी काजळी ती हीच. वायू होतो तो उरलेल्या भागाचाच.

दुसरी बिनधुराची दारू. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली ती वापरण्याजोग्या रूपात आणली. नंतर १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये ब्रिटिशांची कॉर्डाइट आली. तमिळनाडूत निलगिरीतील अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला कारखाना या कॉर्डाइटसाठीच होता. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असतो, म्हणजे कापूस किंवा लाकडाचा लगदा नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून काढल्यावर मिळणारा पदार्थ. काही प्रकारांत त्यात नायट्रोग्लिसरिनही मिसळतात. ही दारू जळली की जवळजवळ सगळीच वायू होते, आणि म्हणून तेवढ्याच वजनात ती काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट काम करते.

तिप्पट शक्ती हा फरक मोठा आहेच, पण काकांची नळी फोडणारा खरा फरक तिसराच होता. काळी दारू सभोवतालचा दाब वाढला तरी आपला जळण्याचा वेग फारसा बदलत नाही. बिनधुराची दारू मात्र दाब वाढेल तशी अधिकाधिक वेगाने जळते. उघड्यावर थोडीशी पेटवली तर ती पिवळ्या ज्योतीने शांतपणे जळून जाते, आणि त्यामुळेच पाहणाऱ्याला वाटते की हिच्यात काही दम नाही. बंद जागेत तिचे वागणे पूर्ण पालटते.

ज्वलनवेग म्हणजे नेमके काय?

दारू किती वेगाने वायूत रूपांतरित होते, त्याला ज्वलनवेग म्हणतात. बंदुकीचा घोडा दाबल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत जे घडते, त्यातला नळीतला प्रवास सेकंदाच्या साधारण एक हजाराव्या भागात आटोपतो. या एवढ्याशा वेळात वायू तयार होत असतो आणि गोळी पुढे सरकून त्या वायूला जागा करून देत असते. दोन्हींचा मेळ बसला तर बार नीट होतो.

भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणावे. वरून ओढ्याचे पाणी खाचरात येते आणि बांधाला ठेवलेल्या तोंडातून खाली उतरते. येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा बरेच वाढले की बांध फुटतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आता अशी कल्पना करावी की खाचरातले पाणी जितके चढेल तितका वरचा ओढाच आणखी जोराने वाहू लागतो. बिनधुराच्या दारूचे हेच आहे. दाबामुळे वेग वाढतो, वेगामुळे वायू वाढतो, वायूमुळे पुन्हा दाब वाढतो. गोळीने वेळेवर जागा केली नाही, तर बांध म्हणजे बंदुकीची नळी.

हा दाब केवढा असतो, याचा अंदाज यावा म्हणून एक तुलना देतो. मोटारीच्या चाकात दर चौरस इंचाला सुमारे ३२ पौंड हवा असते. छऱ्यांच्या बारा बोअर बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसाला मान्य असलेला सर्वोच्च दाब ११,५०० पौंडांच्या आसपास आहे आणि ७.६२ मिलिमीटरच्या फौजी रायफलीच्या काडतुसात तो ६०,००० पौंडांच्या घरात जातो. म्हणजे मोटारीच्या चाकाच्या जवळपास दोन हजार पट.

हा वेग ठरवतो कोण?

ज्यांनी काळी दारू हाताळली आहे त्यांना वाटते की वेग हा पदार्थाचा गुण आहे. बिनधुराच्या दारूत तो बराचसा दाण्याच्या आकाराचा गुण असतो. फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी ग्योम पिओबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते की दारूचा दाणा वरून आत, थरांनी जळत जातो. कांद्याचे पापुद्रे एकेक करून सुटावेत तसा. म्हणून दाण्याचे जितके पृष्ठ उघडे, तितका वायू अधिक. पातळ चकतीचा दाणा भराभर संपतो आणि जाड दाणा वेळ घेतो, हे तर चुलीत पातेरा घालणे आणि फणसाचा ओंडका घालणे यांतल्या फरकाइतके उघड आहे.

पण गोल दाण्याची एक अडचण असते: जळता जळता तो लहान होतो, पृष्ठ घटते आणि वायू कमी होत जातो. यावरचा उपाय आपल्या मालवणी वड्यासारखा आहे. वड्याला मधोमध भोक पाडले की तेल आतल्या कडेलाही लागते आणि वडा दोन्हीकडून तळला जातो. दारूच्या नळीसारख्या दाण्यालाही असेच आरपार भोक असते. बाहेरची बाजू जळून लहान होते, भोक जळून मोठे होते, आणि एकूण पृष्ठ जवळजवळ तेवढेच राहते. मोठ्या तोफांच्या दारूच्या दाण्यांना तर सात भोके पाडतात, त्यामुळे जळता जळता पृष्ठ वाढत जाते. याशिवाय दाण्यांवर जळणे मंदावणाऱ्या रसायनाचा मुलामा देतात. तो किती जाड बसला, दाण्यात किती खोल मुरला, यावरही वेग बदलतो. वरून ग्राफाइटचा हात फिरवलेला असल्याने शेवटी सगळे दाणे सारखेच काळपट आणि गुळगुळीत दिसतात.

इतके वेगवेगळे वेग हवेतच कशाला? किनाऱ्यावरून होडी पाण्यात लोटताना आपण काय करतो ते आठवावे. लहान डोण एका हिसक्यात सरकते. मोठ्या होडीला असा हिसका दिला तर माणसांच्या कमरा धरतात आणि होडी जागची हलत नाही. तिला सगळ्यांनी मिळून, सलग, दूरपर्यंत रेटावे लागते. छऱ्यांच्या बंदुकीला झटकन जळणारी दारू लागते. लांब नळीच्या, जड गोळीच्या रायफलीला सावकाश. आणि २० मिलिमीटरच्या तोफेला त्याहून सावकाश. एकीची दारू दुसरीत घालणे म्हणजे थोडा उन्नीस-बीस फरक नव्हे. सावकाश दारूचे जे वजन रायफलीला योग्य असते, तेवढ्याच वजनाची जलद दारू तीच रायफल फोडू शकते.

फौजेची दारू तर उत्तम दर्जाची असते, मग भीती कसली?

हा आक्षेप सर्वांत अधिक ऐकू येतो. फौजेची दारू उत्तम असते, हे खरेच आहे. मात्र ती उत्तम ठरते ती फौजेच्या पद्धतीत.

दारू लॉटमध्ये तयार होते. लॉट म्हणजे एका वेळी काढलेला मोठा घाणा. एकाच कारखान्यात, एकाच कृतीने काढलेले दोन लॉट सारखे जळतीलच असे नसते. कच्च्या मालात, कोरडेपणात, मुलाम्यात थोडाथोडा फरक राहतोच. फौजेला त्याने काही बिघडत नाही, कारण फौज प्रत्येक लॉट काडतुसात भरण्यापूर्वी तपासते. दाबमापक बसवलेल्या जाड नळीतून त्या लॉटची काडतुसे उडवून गोळीचा वेग आणि नळीतील दाब मोजला जातो, आणि हव्या त्या वेगासाठी त्या लॉटची किती दारू घालायची ते ठरवले जाते. या लॉटला थोडी अधिक, त्या लॉटला थोडी कमी. डब्यावरचे नाव कायम राहते, वजन बदलते.

आपल्याकडे समाराधनेला शेकडो पाने उठवणारा आचारी हेच करतो. तांदळाचे नाव तेच असले तरी यंदाचा नवा तांदूळ कमी पाणी घेतो आणि दोन वर्षे मुरलेला जास्त घेतो. जाणता आचारी आधी मूठभर शिजवून पाहतो आणि मग मोठ्या हंड्याचे पाणी ठरवतो. आता याच तांदळाचे उरलेले अर्धे पोते कोणी तुम्हाला विकले, पण आचाऱ्याने ठरवलेले पाण्याचे माप सांगितले नाही, तर तुमच्या हातात तांदळाचे नाव तेवढे येते. फौजेची शिल्लक दारू तिच्या चाचणीच्या कागदाविना हाती येते तेव्हा नेमके असेच घडते; फरक इतकाच की भात गिचका झाला तर निभावते.

एका फौजेलाही दारू बदलणे किती महाग पडू शकते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकी लष्कराची एम-१६ रायफल एका प्रकारच्या दारूवर बेतलेली होती. १९६४ साली काडतुसांसाठी दुसऱ्या, गोल दाण्याच्या दारूला मान्यता दिली गेली. गोळीचा वेग ठरल्याप्रमाणेच मिळत होता आणि दाबही मर्यादेत होता, तरीही नळीतल्या वायूवर चालणारी ती रायफल आधीपेक्षा जलद गोळ्या झाडू लागली आणि तिच्यात घाण अधिक साचू लागली. व्हिएतनामच्या जंगलात रायफली अडकू लागल्या. इतर कारणेही होतीच, पण दारूतील बदल त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते, असे १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीच्या चौकशीत पुढे आले. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा आणि दाबमापक होते, त्यांची ही कथा आहे.

मग अमेरिकेतील लोक वर्षानुवर्षे हे कसे करतात?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारकडे प्रचंड दारू उरली. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन हौशी नेमबाजांना विकण्यास सुरुवात केली. त्यात रायफलीच्या काडतुसांसाठीची ४८९५ आणि २० मिलिमीटरच्या तोफेसाठीची सावकाश जळणारी ४८३१ या आकडी नावांच्या दोन दारू विशेष गाजल्या. त्या यशस्वी झाल्या, कारण दारूचा एकेक साठा मोठा होता, त्याच्या चाचण्या होत होत्या आणि कोणत्या काडतुसात किती घालावी याची माहिती दारूबरोबरच पसरत होती. पुढे शिल्लक साठा संपत आला तेव्हा त्याच नावांची दारू नव्याने बनवून घेतली जाऊ लागली. किरकोळ विक्रीच्या अशा दारूत उत्पादक थोडे जलद आणि थोडे मंद लॉट एकमेकांत मिसळून वेग एका ठरावीक पातळीवर आणतात, जेणेकरून छापील माहिती पुढच्या डब्यालाही लागू पडावी. फौजेसाठी असे मिसळण्याची गरज नसते.

याच ४८३१ ची पुढची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. दुसऱ्या एका कंपनीनेही त्याच आकड्याची दारू बाजारात आणली, आणि ती हॉजडन यांच्या ४८३१ पेक्षा जलद जळणारी निघाली. आकडा तोच, दाणेही दिसायला तसेच. तरीही एकीची माहिती दुसरीला वापरू नये, असे बजावून सांगावे लागते.

थोडी कमीच घातली तर?

काकांनीही हाच विचार पुढच्या खेपेसाठी केला असता, असे ते नंतर म्हणत. दारूची ओळख नसेल तर निम्मी घालावी, म्हणजे धोका निम्मा होईल, हे ऐकायला पटते. परंतु ‘निम्मी’ हे कशाच्या निम्मी, ते माहीत नसते. जलद दारूचे निम्मे माप सावकाश दारूच्या पूर्ण मापापेक्षा घातक ठरू शकते. उलट फारच कमी घातली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते लक्षात न येता दुसरा बार काढला की नळी फुटते. तिसराही एक प्रकार नोंदलेला आहे: फार सावकाश जळणारी दारू मोठ्या काडतुसात अगदी थोडी घातल्यावर दाब कमी होण्याऐवजी अचानक भलताच चढतो. त्याच्या कारणांबद्दल जाणकारांत अजून मतभेद आहेत, पण त्याने रायफली फुटलेल्या आहेत.

रंग, वास, दाण्यांचा आकार यांवरून ओळखता येईल का, असेही विचारले जाते. येत नाही. मुलाम्याची खोली डोळ्यांना दिसत नाही, आणि वेग तर तिथेच दडलेला असतो. उघड्यावर पेटवून पाहणेही व्यर्थ आहे, कारण वेग दाबावर अवलंबून असतो आणि उघड्यावर दाबच नसतो.

जुनी झालेली दारू मंद होत नाही का?

कोकणातल्या माणसाला हे वाटणे साहजिक आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात काळी दारू ओल धरते आणि बार फुसका निघतो. बिनधुराच्या दारूचे म्हातारपण निराळे असते. नायट्रोसेल्युलोज बनल्या दिवसापासून अतिशय सावकाश कुजत असते. कुजताना त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि तेच वायू उरलेल्या दारूचे कुजणे वाढवतात. आंब्याच्या अढीत एक फळ नासले आणि ते वेळीच काढले नाही, तर अढीला ऊब येऊन शेजारची फळे नासत जातात, त्याच चालीने हे चालते. ही नासाडी रोखण्यासाठी कारखाने दारूत डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक घालतात. ते सुटलेले वायू शोषून घेते, पण त्यालाही अंत असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो अंत लवकर येतो, आणि आपल्या किनाऱ्यावर या दोहोंची कमतरता नाही.

स्थिरक संपल्यावर दारू स्वतःच्याच उष्णतेने पेट घेऊ शकते. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी इएना आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी लिबर्ते या युद्धनौका बंदरात उभ्या असतानाच फुटल्या आणि शेकडो माणसे गेली. दोन्ही वेळी संशयाचे बोट नासलेल्या दारूकडेच वळले. विजयदुर्गाच्या पायथ्याशी फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, त्याला निदान शत्रूचा गोळा कारण झाला होता. तूलाँला शत्रूच नव्हता. डब्यातून आंबूस, झोंबणारा वास येणे, तांबूस वाफ दिसणे, दाण्यांवर गंजासारखी भुकटी धरणे ही नासण्याची चिन्हे आहेत. ती दिसली नाहीत म्हणून दारू निर्धोक ठरत नाही. आपल्याकडे काहीही ओले झाले की अंगणात उन्हात घालायची सवय आहे. दारूच्या बाबतीत ती सवय जिवावर बेतू शकते.

कायदा आणि सापडलेला डबा

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवण्यास स्वतंत्र परवाना लागतो. शेतसंरक्षणाच्या परवान्यात तो येत नाही. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच घ्यायची असतात. फौजेचा कालबाह्य दारूगोळा आपल्याकडे लोकांना विकला जात नाही, तो नष्ट केला जातो, आणि ते कामही किती जोखमीचे आहे हे २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ दिसले. तो नष्ट करण्याच्या कामात झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे ‘फौजेची’ म्हणून कोणी डबा आणून देत असेल, तर तो कुठून आला हाच पहिला प्रश्न आहे.

असा डबा जुन्या घराच्या माळ्यावर सापडला, किंवा पावसाळ्यात किनाऱ्याला एखादे अनोळखी धातूचे नळकांडे लागले, तर ते हलवू नये, उघडू नये, पाण्यात किंवा विहिरीत टाकू नये आणि जाळून तर मुळीच टाकू नये. माणसांना आणि विशेषतः मुलांना दूर ठेवून ११२ वर कळवावे. बाँबशोधक व नाशक पथक बोलावण्याचे काम पोलिसांचे आहे. परवानाधारकाने स्वतःहून दिलेल्या माहितीने आपली बंदूक जाईल, ही भीती अनेकांना वाटते हे मी जाणतो. तरीही घरात ठेवलेला डबा बंदुकीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

काकांच्या त्या डब्यात अर्ध्याहून अधिक दारू शिल्लक होती. पोलिसांनी ती पंचांसमक्ष ताब्यात घेतली. आजोबांना वाचता येत नसल्याने पंचनामा मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, आणि त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे: ‘काळसर, दाणेदार, चकाकणारा पदार्थ, प्रकार माहीत नाही.’